विमान मोड

(नेरूळ, सारसोळ्याची जेट्टी. समोर खाडीपलीकडे उलव्याचा नवा विमानतळ. सकाळ. गोवर्धन आणि कमळी हे कोळी नवरा-बायको, आणि रोज इथे चालायला येणाऱ्या, जवळच्याच सोसायटीतल्या स्मिता.)

कमळी : खोटं नका बोलू. होडीचा रंग बगाया कोनी इस्त्रीचा शर्ट घालून येतं?

गोवर्धन : धुतलेला व्हता, घातला.

कमळी : आनि ह्यो नारल? होडीला दाखवाया आनलाय?

गोवर्धन : खाडीला देनार. आपल्या घरातलं कोन पयल्यांदा पान्यावर गेलं का आपून नारल फोडतो का नाय?

कमळी : फोडतो नका बोलू. वाढवतो बोला, आज तरी. आनि ती पान्यावर नाय चालली, वर चालली.

गोवर्धन : वर ढगात पन पानीच असतं.

कमळी : म्हंजे रुतिकासाठी आलात. मग तसं बोला की. नातीचा नोकरीचा पयला दिवस, विमानात ड्यूटी, आनि आजा बोलतो मी रंग बगाया आलो.

गोवर्धन : ती कुठं बोलते माज्याशी? परवा भांडली आनि खारघरला मैत्रिनीकडं ऱ्हायाला गेली. तवापासून एक फोन नाय.

कमळी : धनेश सकाली लेकीला सोडाया गेला, तवा काय बोलला? विमान सुटायच्या आधी रुतिका आज्याला फोन करनार, कनच्या विमानात हाय ते सांगनार, तुमी दोगं जेट्टीवर ऱ्हावा.

गोवर्धन : कुठं हाय फोन? दोन विमानं गेली उलव्यावरनं. पयल्याला हात केला. दुसऱ्याला पन केला. कुनाला केला, कोन जाने.

कमळी : दोन्ही हात केलात ओ. मी बगितलं.

स्मिता : काय मावशी, आज पाटी नाही? मी बोंबलांसाठी पिशवी घेऊन आले. आणि काका एकदम टकाटक, काय विशेष?

कमळी : आज धंदा नाय ताय. आमची रुतिका आज विमानात चढते. पयली ड्यूटी. ते लोकांना पानी, खायाला देतात बग, ते.

स्मिता : एअर होस्टेस? आपली रुतिका? आणि आपल्या नव्या एअरपोर्टवरून? मावशी, तुम्ही हे मला आज सांगता? काल सांगितलं असतंत तर मी सुट्टी टाकली असती.

गोवर्धन : ताय, तुमचा फोन द्या जरा.

स्मिता : फोन घरी. चालायला येते तेव्हा मुद्दाम ठेवून येते, नाहीतर ऑफिसवाले चालू देत नाहीत. तुमचा कुठाय?

गोवर्धन : हाय की, आमा दोगांत ह्यो एकच. पन वाजतच नाय. विमानतल चालू झाला आनि सगल्यांची रेंज गेली. बाजूच्या होडीवाल्या जयप्रकाशची पन गेली.

स्मिता : असं कसं? आमच्याकडे फुल रेंज आहे. आणा बघू.

गोवर्धन : बगा, वरती कोपऱ्यात. विमान दिसतं?

स्मिता : दिसतंय.

गोवर्धन : ते आमा खाडीवाल्यांना दिलंय. वरनं विमान जानार असलं की फोनात दिसतं.

स्मिता : कोणी दिलंय?

गोवर्धन : विमानतलवाल्यांनी दिलं आसंल. परवा सांजचा होडीत बसून फोनातली बत्ती शोधत व्हतो, तर एकदम विमान उगवलं. मान वर केली तर खरंच विमान. अगदी टायमावर.

कमळी : अख्ख्या जेट्टीला दाखवीत फिरले. जयप्रकाश बोलला मना पन पायजे. ह्यांनी सांगितलं, तू पन बत्ती शोध, येतं आपोआप.

गोवर्धन : आलं की त्याला.

स्मिता : आणि वर विमान नसतं तेव्हा हे चिन्ह जातं का काका?

गोवर्धन : नाय. तसंच ऱ्हातं. आता विमानं पन लय झालीत ना.

स्मिता : काका, जरा बसा. हसत नाही मी, खरंच नाही हसत. हे येणारं विमान नाही हो. तुमच्या फोनला वाटतंय की तोच विमानात बसलाय. विमानात चढलं की फोनची रेंज, वायफाय, ब्लूटूथ, सगळं तोडायचं असतं, त्याचं हे बटण. बत्तीच्या शेजारीच असतं, तुमचा हात लागला असणार. परवापासून तुम्हाला कोणाचाच फोन लागत नाहीये.

गोवर्धन : कुनाचाच?

स्मिता : कुणाचाच.

गोवर्धन : म्हंजे तिनं केला आसंल.

कमळी : केलाच आसंल. आनि तिला काय वाटलं आसंल? आज्यानं रागानं फोन बंद करून ठेवला.

गोवर्धन : काढा. ताय, ते विमान पयलं काढा.

स्मिता : काढते, टेन्शन नका घेऊ. माझा फोन वेगळा आहे, पण शोधू. वरून खाली बोट ओढा.

गोवर्धन : ओढतोय. ऐकत नाय.

स्मिता : अजून एकदा. हलक्या हाताने. जाळं नाहीये ते.

गोवर्धन : हे बोटच खराब हाय. दोरी वढून वढून रेगा गेल्यात. अंगठा लावायच्या मशीनला पन लागत नाय. धनेश फोन लावून देतो, मी नुसता कानाला लावतो.

स्मिता : द्या इकडे. अरे, इथे तर सगळं वेगळंच आहे. बत्ती कुठाय? गजर, कॅमेरा... नाही. थांबा, सेटिंग्जमधूनच जाते. फोन मराठीत ठेवलाय का तुम्ही?

कमळी : धनेशनं करून दिला.

स्मिता : झालं. मला मराठीतून सेटिंग सापडायची बोंब. हसू नका मावशी. 'आवाज आणि कंपन', हे नाही. 'बॅटरी', नाही. 'नेटवर्क आणि इंटरनेट'. हां, इथेच असणार. सिम... हॉटस्पॉट... सापडलं. 'विमान मोड'.

कमळी : काय सापडलं?

स्मिता : विमान मोड. आता हे बंद केलं ना की...

कमळी : ताय, हात काढ.

स्मिता : अहो, एकच टच आहे.

कमळी : हात काढ बोलले ना. विमान मोड? असं लिवलंय? पोरगी विमानात चढाया चाललीय आनि आमी हितं बसून सांगायचं, विमान मोड?

स्मिता : मावशी, तो मोडतोडीतला मोड नाही. इंग्लिशमधला मोड. म्हणजे आपलं ते... पद्धत. प्रकार.

कमळी : फोन मराठीत हाय ना?

स्मिता : आहे.

कमळी : मग मोड पन मराठीतलाच. आनि वर तू बोलतेस बंद कर. मोड आनि बंद, दोन्ही शब्द एका दमात, आजच्या दिवशी. आन तो फोन हिकडं.

गोवर्धन : कमले, वेल जातंय. पदराखाली काय घेतेस फोन? अंडी हायत का ती?

कमळी : जाऊ दे वेल. जन्मभर तुमी खाडीत गेलात, मी कदी 'जा' बोलले? 'या' बोलले. दिवा कदी विझवला बोलले? बांगडी फुटली तरी वाढवली बोलले. तुमी दर टायमाला घरी आलात, ते काय उगाच?

गोवर्धन : इंजिन बरं व्हतं म्हनून आलो.

कमळी : बग ताय, असं बोलतात. ह्याच तोंडानं पोरीला बोलले परवा.

स्मिता : काय बोलले?

गोवर्धन : बोललो. आमच्या घरानं खाडीत जाली टाकली, कुनापुढं हात नाय पसरला, आनि आमची पोर लोकांपुढं ट्रे धरनार? असं बोललो.

स्मिता : आणि ती?

गोवर्धन : ती बोलली, आजा, आजी डोक्यावर पाटी घेऊन नेरूलभर दारोदार फिरली, त्या पैशात आमी शिकलो. तवा तुला लाज नाय वाटली, मग आता कशाची? एवढंच बोलली. आनि बॅग घेतली.

कमळी : बरोबर बोलली.

गोवर्धन : बरोबर बोलली म्हनूनच मना बोलता नाय आलं. आता बोलायचंय, तर फोन तुज्या पदराखाली.

स्मिता : मावशी, ऐका माझं. ती एकदा विमानात गेली की तिलापण फोन ह्याच्यावरच टाकावा लागणार. मग खाली उतरेपर्यंत काही नाही. आज्यानं फोन उचलला नाही, एवढंच मनात घेऊन ती वर जाईल. पहिल्यांदा. चालेल तुम्हाला?

कमळी : नाय चालत.

स्मिता : मग?

कमळी : मग दुसरा शब्द काढा. त्या शब्दानं मी हात लावू देनार नाय.

स्मिता : आता सेटिंगचं नाव मी कसं बदलू मावशी?

गोवर्धन : फोनात काय लिवलंय ते ऱ्हाऊ दे. आपून काय बोलायचं ते आपल्या हातात हाय ना? कमले, नवी होडी पान्यात ढकलली का आपून काय बोलतो?

कमळी : सोडली बोलतो. होडी सोडली.

गोवर्धन : मग आपून विमान सोडू. मोड नाय. सोड.

कमळी : सोड.

गोवर्धन : चालंल का?

कमळी : चालंल. सोडलेली होडी घरी येते. घ्या फोन.

स्मिता : बापरे, मला घाम फुटला. आणा, सोडते.

कमळी : तू नको ताय. आजा हाय ना तिचा, त्यालाच सोडू दे.

गोवर्धन : हितं दाबू? दाबलं. नाय झालं. परत दाबलं. बग, माजं बोट ह्याला माहीतच नाय.

स्मिता : अंगठा?

गोवर्धन : अंगठ्याचं तर नावच नको.

कमळी : करंगली लावा. करंगलीनं कदी दोरी धरली नाय तुमी.

गोवर्धन : करंगली?

कमळी : थांबा, पुसून देते. हां. आता बोला आनि दाबा.

गोवर्धन : विमान सोड.

स्मिता : सुटलं. काका, सुटलं. विमान गेलं कोपऱ्यातलं. एक काडी आली... दोन... आता भरली. मेसेज बघा किती धडाधड येतायत. रुतिका, रुतिका, धनेश, परत रुतिका.

कमळी : काय लिवलंय?

स्मिता : वाचायला वेळ नाही, वाजतोय. तिचाच आहे. मी उचलून स्पीकरवर टाकते. बोला काका, बोला.

रुतिका : आजा? लागला? आजा, तू आहेस ना?

गोवर्धन : हाय. हितंच हाय. जेट्टीवर.

रुतिका : परवापासून लावतेय मी. मला वाटलं, रागाने फोन बंद करून ठेवलास.

गोवर्धन : नाय गं बाय. माजा फोन विमानात बसला व्हता.

रुतिका : काय?

गोवर्धन : ते मागनं सांगतो. आदी माजं ऐक. परवा तू बोललीस ते खरं. पाटी काय आनि ट्रे काय, एकच. मी चुकलो. मना तुजी लाज नाय, मना तुजा लय अभिमान हाय. आज सकालपासून ज्या त्या विमानाला हात करतोय मी.

रुतिका : आजा, नको ना. काजळ घातलंय. आमच्या मॅडम बघतायत.

कमळी : बगू दे मॅडमला. जेवलीस का?

रुतिका : आजी, तू पण आहेस? खाल्लं गं. ऐका, टाइम नाहीये. आमचं विमान आता सुटेल. हिरव्या शेपटीचं, शेपटीवर पांढरी रेघ. मी मागच्या दाराजवळ बसते, तिकडे छोटी खिडकी असते. तुम्ही काही दिसणार नाही, पण खाडीकडे बघेन.

गोवर्धन : दिसंन. होडीवर नवा लाल बावटा चढवलाय. लांब काठीला.

कमळी : अस्सं. आनि मना बोलले रंग बगाया चाललो.

रुतिका : खरंच चढवलास आजा?

गोवर्धन : धनेशला पन नाय सांगितलं. तू बग. आनि हे बग रुतिका, विमानात कोनी पानी मागितलं तर हसून दे. कोनी म्हातारं घाबरलं आसंल तर त्याला सांग, लाट येते तशी जाते.

रुतिका : सांगेन. नक्की सांगेन. बरं, बोलावतायत. आता फोन विमान मोडवर...

कमळी : मोड नको बोलू.

रुतिका : मग काय बोलू आजी?

कमळी : विमान धरते बोल. वर असशील तवर धर, उतरलीस का सोड.

रुतिका : हे कुठून काढलंत तुम्ही? बरं बाबा, विमान धरते. येते आजी. येते आजा.

गोवर्धन : ये बाय. ये.

स्मिता : ठेवला तिने. मावशी, मलाच रडू येतंय, मी नुसती बोंबील घ्यायला आले होते.

कमळी : थांब ताय, आता घरी नको जाऊ. विमान बगून जा. उद्या बोंबील मी दारात आनून देते.

गोवर्धन : जयप्रकाशला सांगितलं पायजे. त्याची बायको माहेरी गेलीय. ती पन तिकडं फुगून बसली आसंल.

स्मिता : जयप्रकाशच्या घरी भांडण तुम्ही लावून दिलंत काका. आता करंगळी तुम्हीच घेऊन जा.

कमळी : अवो, ते बगा. उलव्यावरनं. शेपूट हिरवी हाय का? माजे डोले नाय पोचत.

स्मिता : हिरवी आहे मावशी. पांढरी रेघ पण आहे. तेच आहे. काका, हात करा.

गोवर्धन : करतोय. दोन्ही करतोय. कमले, नारल दे पान्यात.

कमळी : दिला. आई, पोर तुज्यावरनं चाललीय, नजर असू दे.

स्मिता : वळलं बघा. किती पटकन लहान झालं.

कमळी : बावटा दिसला आसंल का ओ तिला?

गोवर्धन : दिसला. वारा चांगला हाय.

स्मिता : चला काका, चहा घेऊ. आता दुपारपर्यंत काही तिचा फोन यायचा नाही. ठेवा तो खिशात.

गोवर्धन : नको ताय, हातातच ऱ्हाऊ दे. ती विमान सोडील तवा पयल्या घंटेला उचलला पायजे.