टेकून बसायची सायकल

नाही नाही, असं नाही हो अण्णा — मागं टेका, पूर्ण टेका, आणि पाय पुढं सोडा. आरामखुर्चीत पडतात तसं. पडत नाही हो, मी धरलीय ना! तुमची उंची अगदी आमच्या ह्यांच्याएवढी, म्हणून त्रास देते. मल्हारराव आत तुमचं पंक्चर काढतायत, तोवर स्वल्प बसा. कंबरेवर भार येतोय का? खरं सांगा. नाही ना? पाठ अख्खी लागलीय मागं? सरी, ठरलं तर, हीच घेते. ती दुसरीही बघितली मी — उंच हँडलची, स्प्रिंगच्या रुंद सीटची — पण तिच्यावर बसायचं शेवटी ताठच, खड्डा आला की दणका थेट मणक्यात. ही कुणा जर्मन साहेबाची. ह्यांच्या फॅक्टरीत मशिनं बसवायला आला होता, परत जाताना मल्हाररावांकडे टाकून गेला. तेव्हापासून अख्खं राजाजीनगर हिला बघून हसतंय. हसू देत! कुणी विचारलंच तर सांगायचं, शौक म्हणून घेतली. माणसाला शौक असू नये का?

तुम्ही मराठी निघालात, बरं वाटलं बघा. मघाशी मल्हाररावांशी कन्नडात बोलत होतात, मग बोट चेनमध्ये चिमटलं आणि “आई गं” म्हणालात — मी म्हटलं, अरे, हे तर आपल्यातले! निपाणीचे ना? माझी मावशी निपाणीतच दिलीय, तंबाखूच्या वखारींच्या मागं. आम्ही मात्र पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. घरात मराठी, उंबरा ओलांडला की कन्नड. म्हणून बाहेर कुणी मराठी बोललं ना, की माणूस आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसल्यासारखं वाटतं. मग तोंड थांबत नाही माझं.

ते स्वतः का नाही आले? कसे येतील! अख्खी शिफ्ट या दुकानावरून जाते. कुणी बघितलं पाठ धरून उभं राहिलेलं, की झालं. आणि आज तर अंथरुणातून उठवतच नाही त्यांना. रोज सकाळी मी जुन्या लुगड्याचा पट्टा बांधते, सदऱ्याच्या आतून. गुडघा पाठीत रोवून आवळते, ते टॉवेल दातात धरतात. ओरडत नाहीत. एकदा ओरडले असते तर मलाच बरं वाटलं असतं. मग दिवसभर लेथवर उभं राहायचं, हसत — हो, हसतसुद्धा! पायात? येतात ना मुंग्या. डाव्या. मांडीच्या मागून पार अंगठ्यापर्यंत. तुम्हाला बरं ठाऊक! तुमच्या घरी आहे वाटतं कुणाला.

डॉक्टरला दाखवू? काय बोलता अण्णा! शेजारच्या मथुराक्कांच्या यजमानांनी दाखवलं. भोळा माणूस, पाठ दुखते म्हणून सरळ सांगून मोकळा झाला. दिवाळीच्या आत घरी बसवला त्याला. क्वार्टर गेलं, पोरांची शाळा गेली, आता आनेकलला मेव्हण्याच्या दारात पडलेत. मथुराक्का सामान बांधत होत्या ना, तेव्हा माझ्याकडे बघितलं त्यांनी. त्यांना ठाऊक होतं आमच्या घरातलं. मला भीती वाटते हो. झोपेत ते कूस बदलतात आणि मी जागी होते.

आणि आता ही मंगळवारची तपासणी! जुना डॉक्टर सोन्यासारखा, जीभ बघायचा आणि सोडायचा. नवा आलाय म्हणे, तो वाकायला लावतो, बोटं पायाला टेकवायला सांगतो. ह्यांची बोटं गुडघ्यापर्यंत गेली तरी देव पावला म्हणायचं. म्हणून — आता तुम्ही घरचे, तुमच्यापासून काय लपवायचं — मंगळवारी माझे दीर जाणार आहेत. तोंडवळा एकच, मिश्या तेवढ्या ह्यांच्यासारख्या कातरायच्या. ह्यांचा बिल्ला लावून रांगेत उभं राहायचं, धडाधड वाकून दाखवायचं आणि यायचं. नव्या डॉक्टरला काय कळतंय, कोण कुठला! मग ही सायकल, माझा पट्टा, आणि थोरल्याची मॅट्रिक होईपर्यंत तरी निभावलं, की —

हसत नाही तुम्ही. पाप वाटलं का? वाटू दे. माझ्या जागी या आणि मग सांगा.

बघा, मी ही अशी. गाव विचारलं, आडनाव विचारलं, मुलं किती तेसुद्धा झालं — तुम्ही इथं करता काय, तेच राहिलं! काय म्हणालात?

डॉक्टर.

म्हणून पायाचं विचारलंत होय. मग दवाखाना... जयनगरकडं असेल ना? नाही? फॅक्टरीत?

कुठल्या, ते नका सांगू. नका सांगू म्हणते ना!

त्यांचं नाव? मी घेतलं नाही, अण्णा. आपल्यात बायका घेत नाहीत, तुमच्या निपाणीतही घेत नसतील. ... काय? त्यांनाच पाठवा? स्वतःला? बसून करायचं काम बघाल? तुमचा आवाज चांगला आहे हो, मायेचा आहे. मथुराक्कांच्या यजमानांनाही कुणी असंच मायेनं विचारलं असेल. तुम्ही लबाड आहात असं मी म्हणत नाही. पण माझी चार माणसं या एका पाठीवर उभी आहेत, आणि मी तुम्हाला आत्ता तासाभरापूर्वी ओळखायला लागले.

मल्हारराव! बाहेर या. नाही, तोंडातून एक शब्द काढू नका, माझं काय, कुणाचंच नाव घेऊ नका. ही सायकल नको मला. हो, नको. उद्या गेटवर जो हिच्यावर दिसेल तो कोण, हे ह्या डॉक्टरसाहेबांना आता कळणार. ह्यांच्या जुन्याच सायकलचं सीट बोटभर खाली करून द्या.

आणि तुम्ही उतरा, अण्णा. उतरा म्हणते ना.