देवळात टांगायचं गलबत

आम्ही देवगडकडचे सुतार. बापूस मासेमारीचे लाकडी मचवे बांधायचा, त्याच्या हाताखाली मी शिकलो, पण पुढं फायबरच्या होड्या आल्या नि काम बसलं, म्हणून मी दुबईला आलो, रास अल खोरला, फर्निचरच्या वर्कशॉपात. दरवाजे, कपाटं, हॉटेलांचे काउंटर, सगळं केलं, आणि चांगलंच केलं, उगाच खोटं कशाला बोलू.

तिथं एक नॉर्वेचा इंजिनियर फर्निचर करून घ्यायला यायचा, लार्स साहेब, अबुधाबीकडं रुवैसला रिफायनरीत होता. एकदा त्यानं गावच्या चर्चचा फोटो दाखवला. चर्च म्हणजे काय हो, आपल्या मराठी शाळेएवढं, सगळं लाकडाचं, आणि आत छताला चक्क एक छोटं गलबत टांगलेलं. मी हसलोच, म्हटलं साहब, भगवान के घर में जहाज? तर म्हणाला, आमचं गाव दर्यावर जगणारं, समुद्रात गेलेल्यांसाठी टांगतात, हे किडलंय, माझे वडील मासेमारीला गेले ते बुडाले, त्यांच्या नावानं नवीन कर.

मग माझं हसू गेलं. काय सांगू तुम्हाला, माझा धाकटा भाऊ वसंता, तोही असाच मचव्यावर गेला तो आलाच नाही. आईनं त्याचं दिवसकार्य करूच दिलं नाही, म्हणायची, माझो झील येतलो, माझा मुलगा येणारच. आई गेली, तरी कार्य करायला माझं मन धजेना.

दर शुक्रवारी सुट्टीत बसून सागाचं गलबत केलं, तीन डोलकाठ्या, शिडं हातानं शिवलेली. साहेब खूश, मजुरी विचारायला लागला. मी म्हटलं, मजुरी नको, खाली तुमच्या वडिलांचं नाव घालणार ना, शेजारी माझ्या भावाचं घाला. तो म्हणाला, पाद्रीला विचारायला हवं, तुझा भाऊ आमच्या धर्मातला नाही. मी म्हटलं, हबीबी, दर्यानं विचारला होता धर्म? तुम्ही विचारा, नाही म्हणाले तर गलबत इथंच राहील. आमचा फोरमन बाजूनं डोळे वटारतोय, पण मी हललो नाही.

पाद्री हो म्हणाला. साहेब सुट्टीवर गेला नि तिथनं वर्कशॉपात फोन केला. टांगलं म्हणाला, पाद्रीनं दोन्ही नावं मोठ्यानं वाचली, वसंता म्हणताना जीभ अडखळली त्याची, पण सगळं गाव उभं राहिलं.

फोन ठेवला नि तिथंच भुशात बसून रडलो. ज्यांनी त्याला कधी बघितलं नाही ती माणसं उभी राहिली, आणि मी सख्खा भाऊ असून अजून वाट बघत होतो. संध्याकाळीच बायकोला फोन लावला, म्हटलं भटजींना सांग, मी येतोय, वसंताचं कार्य करायचंय. केलं, नीट केलं. आता निवांत आहे मी. त्या गावाचं देव भलं करो, त्यांचा कोण दर्यात असेल तर सुखरूप घरी येवो.