रोबोचं शेवटचं वाक्य

मी रोबोचा आवाज द्यायला तयार झाले, कारण विंगेत लपून बोलायचं होतं. आम्ही काढलेल्या अंतराळातल्या ॲनिमे मालिकेचा, म्हणजे जपानी धाटणीच्या कार्टूनचा, पहिला भाग गॅदरिंगला दाखवणार होतो आणि आवाज तिथंच द्यायचे होते.

"आधी विनोद, मग रोबोचं मरण," माझ्या मैत्रिणीनं, नाझनीननं बजावलं. "हसू थांबल्याशिवाय बोलू नको, न्हाईतर मरणावर पण हसतील."

विनोदावर सगळे जे हसत सुटले, ते थांबेनातच. पडद्यावर यान फुटलं, रोबो मेला, तरी माझं वाक्य तोंडातच. शेवटी सगळे गप्प झाल्यावर मी कशीबशी म्हणाले, "कॅप्टन, तुमी जावा. मी हाय की हितं."

कोणीच हसलं नाही.

"उशीर झाला, वाट लागली ना?" मी कुजबुजले.

नाझनीन डोळे पुसत होती. "गप गं. मेल्यावर बोललीस म्हणून तर रडायलेत सगळे!"