डासांना आवतण

नाशिकच्या स्टँडवर पेठच्या बसच्या रांगेत माझ्या मागे एक बाई आणि प्रयोगशाळेतून थेट आलेली तिची लेक उभ्या होत्या.

“हर्षे, डास बिटाचा रस पिले? खरं सांग.”

“प्याले, आई. हिवतापाचा जंतू माणसाच्या रक्तात एक पदार्थ तयार करतो. त्यानं डास ओढले जातात. तोच आम्ही रसात घातला.”

“आन् नुसता रस?”

“तोही शेजारी ठेवला होता. तिकडे फारसं कुणी फिरकलं नाही. परदेशात हे आधीच जमलं होतं, आपल्याकडच्या डासांवर काल जमलं.”

“तू लहानपणी हिवतापानं तापली व्हतीस, तवा मी दंड उघडे ठेवून तुझ्या उशाला बसले व्हते. म्हटलं, चावायचं तर मला चावा. तरी मेले तुझ्याच अंगावर.”

“तुझ्या रक्तात तो पदार्थ नव्हता ना.”

“मग रस पिऊन काय झालं त्यांचं?”

“त्यात विष होतं. सकाळी डासांच्या पेटीत एकही उडत नव्हता.”

बाईनं तोंडाला पदर लावला.

“आई, हसतेस काय?”

“मी आवतण दिलं तर आले नाय. तुझ्या पंगतीला मात्र पोटभर जेवले.”