अंगठ्याखालच्या दोन ओळी

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या रंगकारखान्याचे मालक साहेब. प्रमुख पाहुण्या महापौरताई. विद्यापीठाचे कुलगुरू साहेब. शहराचं पाणी तपासणाऱ्या, विद्यापीठातल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख आणि आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती, आमच्या बाई. समोरची प्राध्यापक, व्यापारी, कारखानदार मंडळी. आणि मागच्या दाराशी उभं राहून 'ही म्हातारी किती वेळ घेणार?' असं एकमेकांना विचारणारे विद्यार्थी. सगळ्यांना माझा नमस्कार. मुलांनो, वेळ लागेल. टेकून उभे राहा.

मी सव्वीस वर्षं बाईंच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुतली. सगळे मला काचमावशी म्हणतात. खरं नाव विचारलंत तर मलाही क्षणभर आठवावं लागेल. हातात कागद दिसला म्हणून धास्तावू नका. मला अक्षरओळख नाही, तो मी सांगितला आणि नातीने लिहिला. कागद धरला की माणूस जरा वजनदार दिसतो, एवढं या हॉलमधली भाषणं ऐकून ऐकून मीही शिकलेय.

आत्ताच अध्यक्ष साहेबांनी जाहीर केलं, की बाईंच्या सन्मानार्थ विद्यापीठाच्या दाराशी दगडी कमान उभारणार. टाळ्या छान पडल्या. मीही वाजवल्या. आता दोन गोष्टी सांगते, मग त्या टाळ्या परत घ्यायच्या की नाही ते ठरवू.

साहेब, तुम्ही प्रयोगशाळेत पहिल्यांदा आलात तो दिवस आठवतो ना? मान डोलवताय, म्हणजे आठवतो. मंडळी, साहेबांच्या कारखान्याचं सांडपाणी तपासून बाईंनी रिपोर्ट दिला होता, की हे नदीत सोडण्याच्या लायकीचं नाही. साहेब तावातावाने आले. बाईंना काही बोलायची सोय नव्हती, तर वळले माझ्याकडे. "मावशी, तुमचा फ्लास्कच घाण असणार!"

आता मला कोणी काळी म्हणा, बुटकी म्हणा, मी हसून सोडून देईन. माझ्या काचेला नाव ठेवलेलं मी ऐकून घेत नाही. मी धुतलेला फ्लास्क घेतला, त्यात पाणी ओतलं आणि साहेबांच्या नाकासमोर उपडा केला. म्हटलं, "बघा. काच स्वच्छ असली की पाणी अंगभर सारखं पसरतं. कुठे थेंब धरून राहिला, तर तिथे डाग आहे. दाखवा माझा थेंब." साहेब चष्मा वर-खाली करून शोधत राहिले. सापडला असता तर आज मी इथे नसते!

बाई म्हणाल्या, "मावशी, साहेबांना स्टूल द्या. त्यांच्यासमोर पुन्हा तपासू." दोनदा तपासलं, उत्तर तेच. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "या खेपेला फ्लास्क साहेबच धुतील." आणि धुतला बरं का त्यांनी, बाह्या सरसावून! चार वेळा थेंब धरला, चार वेळा मी परत पाठवला. पाचव्या वेळी पास झाले. हसू नका, तुमच्यातले निम्मे दहाव्या वेळीही झाले नसते.

उत्तर मात्र तिसऱ्यांदाही तेच आलं. साहेबांनी बाह्या खाली ओढल्या. मग हळूच म्हणाले, "बाई, रिपोर्टात काही दुरुस्ती?" बाईंनी डोकंही वर केलं नाही. "रिपोर्ट दुरुस्त होत नसतो. कारखाना होतो."

आणि मोठेपणा कोणाचा सांगू? साहेबांचाही. सहा महिन्यांत त्यांनी कारखाना दुरुस्त केला. बाईंच्या हाताखाली शिकलेल्या दोन मुली नोकरीला नेल्या. तेव्हापासून साहेब चारचौघांत सांगतात, की मला इथलाच शिक्का चालतो. महापौरताई, तुम्हीही म्हणाला होतात, "बाईंनी सही केली की मी डोळे झाकून टाकी उघडते." या बाईने शहराचं पाणी जोखलं, आणि शहरातल्या माणसांचंही.

बाई, मान खाली घालू नका. आज तुम्हाला ऐकून घ्यावंच लागेल.

दुसरी गोष्ट छोटी आहे. चार वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये आपण खडक-मातीचा विषय शिकवणाऱ्या सरांना निरोप दिला. भाषणं झाली, दोघांचे डोळे पाणावले, त्यातली एक मी. सरांची जागा भरली गेली नाही. आज त्या खोलीत मोडकी बाकं रचून ठेवलीत. मी जाऊन पाहिलंय. सरांच्या टेबलावर पंखे पडलेत.

आणि आता ऐका. बाईंच्या जागेवर माणूस नेमायची मंजुरी आलेली नाही. कुलगुरू साहेबांनी सरकारला तीन पत्रं पाठवली. तिन्हींना उत्तर एकच, 'विचाराधीन'. नातीला विचारलं, म्हणजे गं काय? म्हणाली, "आजी, म्हणजे झोपलंय." ही नात बाईंच्याच वर्गात शिकते. सोमवारपासून प्रयोगशाळेला कुलूप लागणार. तिच्या वर्गाला पाणी तपासणं फळ्यावर चित्र काढून शिकवतील. आणि तुमच्या-माझ्या नळाला जे येईल, ते आपण चव घेऊन तपासू.

साहेब, तुमची कमान देखणीच होईल. पण कमान कोणाला स्टूल देऊन त्याच्यासमोर पाणी तपासेल का? उद्या कोणी तावातावाने आलं, तर 'कारखाना दुरुस्त करा' असं दगड सांगेल का? महापौरताई, पुढची टाकी कोणाच्या सहीवर उघडणार?

विद्यापीठ सगळ्यांचं आहे, असं प्रत्येक भाषणात ऐकते. सगळ्यांचं म्हणजे नेमकं कोणाचं, ते आज ठरवूनच मी घरी जाणार.

तुम्हाला वाटलं, हातातला कागद म्हणजे भाषण. अहो, भाषण मी कधी वाचलंय? हा अर्ज आहे. बाईंची जागा तीन महिन्यांत भरा. माणूस पारखून घ्या, कोणाचा भाचा म्हणून घेऊ नका. आणि तोवर कुलूप लावू नका. कुलगुरू साहेबांची सही सकाळीच घेतली, त्याखाली माझा अंगठा आहे. अंगठ्याखाली दोन ओळी रिकाम्या ठेवल्यात, एक साहेबांची, एक ताईंची. हा अर्ज टपालाने जाणार नाही. सोमवारी आपण तिघं तो हातात घेऊन मंजुरीच्या कचेरीत जाणार. माझं ऐकायला तिथे कोणी उठणार नाही, पण तुम्ही दोघं आलात तर खुर्च्या पुसतील. म्हणून तुम्ही हवेत.

मला एवढा वेळ बोलू दिलंत, त्याबद्दल आयोजकांचे आभार. बाई, तुमच्याकडे मी काच धुवायला शिकले आणि माणसं ओळखायलाही, तुमचे आभार मानायला मला शब्द सापडत नाहीत. बोलण्यात कोणाला लागलं असेल, मान राखण्यात कमी पडले असेन, तर म्हातारी म्हणून पोटात घाला.

कागद मी इथे अध्यक्षांच्या टेबलावर ठेवते. अंगठा जरा तिरका उमटलाय. साहेब, त्याखाली सही करायला संकोच वाटत असेल तर शाईचं पॅड माझ्या पिशवीत आहे.