सोनमचं पान

(रविवार सकाळ. दिल्ली कॅन्टोन्मेंटमधलं सुभेदार संपतरावांचं क्वार्टर.)

यशोधन : चहा नको सुभेदारसाहेब, आधी ऐकून घ्या. सोनमचा अर्ज बरोबरच होता.

संपतराव : कुठला, पुण्याच्या हॉस्टेलचा? तुम्हीच तर फोनवर म्हणालात, पोरीनं कायतरी चुकीचं भरलंय.

यशोधन : म्हणालो. न बघताच. आपल्या इथल्या मराठी मंडळाची वेबसाइट मी सांभाळतो ना, मला वाटलं माझ्याकडून चूक होणारच नाही.

संपतराव : मग झालं काय?

यशोधन : मंडळ शिफारस करतं त्या प्रत्येक मुलाचं एक पान असतं. हॉस्टेलवाले लिंक दाबून ते उघडतात. लिंका लांबलचक होत्या, म्हणून मी सर्व्हरवर नवा नियम टाकला. लिंकमध्ये फक्त मुलाचं नाव, खरं पान सर्व्हर शोधेल.

संपतराव : बरं, मग?

यशोधन : मराठी अक्षरं लिंकमधून तशीच जात नाहीत, त्यांचे कोड होतात. माझ्या नियमानं त्या कोडचेच परत कोड केले. सर्व्हरला सोनमचं पान सापडेचना. हॉस्टेलवाल्यांना वाटलं, शिफारसच नाही, म्हणून त्यांनी अर्ज फेटाळला.

संपतराव : तुम्ही तपासलं नव्हतं?

यशोधन : तपासलं ना यार... सॉरी. माझं नाव टाकून, इंग्रजीत. अर्जात नाव मराठीतच लिहायचं, हा ठराव मंडळात भांडून मीच करून घेतला होता. लाज वाटते हो.

संपतराव : आन् बाकीची पोरं?

यशोधन : सगळ्यांनी इंग्रजीत भरलं. सूचना पाळली ती एकट्या सोनमनं.

संपतराव : अरे देवा! साहेब, काय काय बोललो मी तिला. एक फारम भरता येईना, पुण्याला जाऊन काय दिवे लावणार, म्हणलो. शेजाऱ्यांसमोर! दहा दिस झाले, पोर धड जेवत नाही.

यशोधन : हॉस्टेलला मी सगळं लेखी कळवलंय. जागा भरली, पण वेटिंगवर तिचं नाव पहिलं घेतलंय. मिळेलच असं नाही. मला तिची माफी मागायचीय.

संपतराव : तुम्ही मागनं मागा. आधी मी. सोनम... ए बाळा, दार उघड की.

सोनम : पप्पा, कसम से, फॉर्म मी परत चेक केला. मला चूक अजून सापडत नाहीये.