न दिसणारा ढाळ

नाही, तुम्हीच सांगा, गच्चीला ढाळ आहे म्हणतात, मग तो दिसायला नको? अठरा वर्षं भाड्याच्या गळक्या घरात काढली आम्ही, पाऊस लागला की आमच्या गोजराबाई पलंगावर एक पातेलं, टीव्हीवर एक तपेली ठेवायच्या आणि उरलेल्या जागेत आम्ही दोघं झोपायचो... तेव्हाच ठरवलं होतं, स्वतःच्या घरात एक थेंब आत येऊ देणार नाही. म्हणून इथे बंगळुरात, राजाजीनगरात हे घर बांधलं, आणि हा शिवाप्पा मिस्त्री गच्चीवर उभा राहून म्हणतो, "ढाळ सरी आहे सार, एकदम बरोबर. फुटाला पाव इंच. पाणी सगळं पुढच्या कोपऱ्यात, ईशान्येला, पन्हळीतून खाली." मी बसून बघितलं, वाकून बघितलं, शेवटी पालथं पडून एक डोळा मिटून बघितलं. दिसतो का? नाही दिसत.

आता तुम्ही म्हणाल, पाव इंच कसा दिसेल हो. ते असू दे. हा शिवाप्पा मला दिला कोणी? शेजारच्या सुब्बारावने. मी मागितला होता का? कुंपणापलीकडून आपणहून म्हणाला, "हंबीरराव, शिवाप्पाला घ्या, देवमाणूस आहे." चांगला मिस्त्री कोणी असा सांगतो का? चांगला मिस्त्री मिळाला तर माणूस त्याला लपवून ठेवतो! त्यात रोज दहाच्या चहाला दोघं कुंपणाशी कन्नडमध्ये कुजबुजणार. कन्नड मला येतं हो, साडेतीनशे वर्षं झाली आमच्या घराण्याला इथे, पण कुजबुज ती कुजबुजच. मी गोजराबाईंना तेव्हाच म्हटलं, यात सुब्बारावचा काहीतरी फायदा आहे. त्या म्हणाल्या, "कसला फायदा, मला नाही दिसत." मलाही दिसत नव्हता, म्हणून तर संशय जास्त.

मग मीच मोजायचं ठरवलं. रविवारी, शिवाप्पा नसताना. त्याची ती आरपार दिसणारी लांब नळी होती ना, तिच्यात पाणी भरायचं, दोन टोकं दोन कोपऱ्यांत उभी धरायची, पाणी दोन्हीकडे एका पातळीत थांबतं, मग खालच्या फरशीपासून पाण्यापर्यंत टेपने मोजायचं. जिकडे माप जास्त, तिकडे गच्ची खाली. मागच्या कोपऱ्यात मी, पुढच्या कोपऱ्यात गोजराबाई, दोघांनी आपापलं टोक छातीशी धरलं. पण पाणी कावेरीचं, नळाला दिवसाआड येणारं, थेंब सांडला तरी जीव हळहळतो! म्हणून नळी खालीच भरून म्हटलं, "टोकावर अंगठा दाबून धर गं." "ते मला कळतं," म्हणाल्या. मीही दाबला. मोजलं, तर माझ्या कोपऱ्यात माप पाऊण फूट जास्त! म्हणजे ढाळ मागे, म्हणजे पाणी जिन्याकडे, म्हणजे सरळ आमच्या पलंगावर.

सोमवारी शिवाप्पाला धरला. तो म्हणतो, "सार, मी मोजून दाखवतो." त्याचं माप मी कशाला मानू? "मग बादलीभर पाणी ओतून बघू सार." ओतायला पाणी काय त्याचा सासरा आणून देणार? म्हटलं, मागच्या बाजूला तीन इंचांचा थर घाल. घातला. रविवारी मोजलं, फरक तेवढाच. म्हटलं, माल खाल्ला याने. अजून एक थर, परत मोजलं, तेवढाच. अजून एक. दिसतो का ढाळ? आता मला दिसायलाच लागला होता, पण टेप नाही म्हणते, तर मी डोळ्यांवर विश्वास ठेवू की टेपवर?

शेवटी म्हटलं, ये, तुझ्यासमोरच मोजतो. सुब्बारावही आला, त्याला कोणी बोलावलं देव जाणे. शिवाप्पा कानावरची विडी चाचपत आमच्याकडे बघत राहिला, मग हळूच म्हणाला, "सार, अंगठा काढा."

"का?"

"स्वल्प काढा सार. अक्का, तुम्हीपण."

काढले. आणि इतका वेळ गुमान उभं असलेलं पाणी जे पळालं, ते गोजराबाईंच्या टोकातून त्यांच्या पदरावर. "तोंड बंद केलं की पाणी हलत नाही सार," शिवाप्पा म्हणाला. "ढाळ नाही मोजला तुम्ही. तुम्ही उंच, अक्का ठेंगण्या, तेवढं मोजलं." तीन रविवार मी नवराबायकोच्या छातीची उंची मोजत होतो, तुम्हाला सांगतो, आणि तिच्यावर नऊ इंच सिमेंट घातलं.

आता मागचा कोपरा पुढच्यापेक्षा हातभर उंच आहे. गोजराबाई लोणच्याची लिंबं उन्हात घालतात आणि पन्हळीशी जाऊन गोळा करतात. घरात थेंब येत नाही, ते कबूल. पण मे महिन्यात एक सर आली, तर पाणी असं धावत सुटलं की पन्हळीतून उडी मारून कुंपणापलीकडे, सुब्बारावच्या अंगणात. दुसऱ्या सरीला तिथे त्याचा पाण्याचा ड्रम होता. आता नळ कोरडा असला की गोजराबाई त्याच्याकडून आमच्याच गच्चीचं पाणी बादलीने आणतात, आणि तो म्हणतो, "घ्या अक्का, लाजू नका."

मी पहिल्यापासून म्हणत होतो, यात सुब्बारावचा काहीतरी फायदा आहे. तेव्हा दिसत नव्हता... आता दिसतो.